नानांनी आवळलेले नट

आमच्या घरात नळ कधी गळला नाही आणि बरणी कधी धड उघडली नाही. दोन्हीचं श्रेय नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी हयात गेली. पाटाचं दार एकदा बंद केलं की थेंब सुटता कामा नये, हे तिथे ठीकच आहे. पण नानांनी ते खातं घरी आणलं. लोणच्याची बरणी, थर्मास, आईची खोबरेलाची बाटली, मोरीतला नळ, जे म्हणून फिरतं ते नानांच्या हाताखालून गेलं की त्याचा दगड व्हायचा. आई बरणी कडेवर घेऊन शेजारी जायची. शेजारचे काका आधी विचारायचे, ही वहिनींनी लावलीय की नानांनी? नानांचं नाव निघालं की ते हातातला पेपर खाली ठेवून बाह्या वर सारायचे.

निवृत्त झाल्यावर नानांनी गाडी घेतली. छोटी, पांढरी, चार माणसं आणि एक डब्याची पिशवी मावेल एवढी. गाडीबरोबर एक नियमही घरात आला. ज्याला चाक बदलता येत नाही त्याने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. ऐकायला किती रास्त वाटतं बघा. मी तेव्हा नुकतंच लायसन काढलं होतं, जळगावात माझं औषधांचं दुकान बऱ्यापैकी बसलं होतं, आणि मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? नाना अंगणात खुर्ची टाकून बसले. मी नटाला पाना लावला. नट हलला नाही. मी वाकून जोर केला, बसून केला, शेवटी साडीचा ओचा खोचून पान्यावर पाय दिला. नाना शांतपणे म्हणाले की आडरस्त्यात चाक बसलं तर काय करशील, आणि किल्ली खिशात टाकून पोहे खायला आत गेले.

धाकट्या भावाचंही तेच झालं. त्याच्या तर तळहाताला फोड आले. तो पुढे पुण्याला गेला, तिथे त्याने स्वतःची गाडी घेतली, आणि चाक बसलं तर फोन करायची सोय गाडीबरोबरच मिळवली. मी जळगावातच राहिले, नानांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लायसन पर्समध्ये आणि बूड स्कूटीवर, असा माझा संसार चालला. माझा नवरा शहाणा माणूस. त्याने कधी ती परीक्षाच दिली नाही.

दसऱ्याला त्या गाडीचा थाट काय वर्णावा. नाना पहाटेच उठून चाकांपाशी काहीतरी खुडबुड करत. आम्ही तेव्हा आंघोळीच्या रांगेत असायचो, त्यामुळे काय चाललंय हे कधी कोणी पाहिलं नाही. मग गाडी धुवायची, झेंडूचा हार, चारी चाकांना हळदकुंकू, आणि शेवटी नारळ. नारळ फोडायला सोयीचा धोंडा होता तो पुढच्या डाव्या चाकापाशी. त्यामुळे दरवर्षी त्याच चाकाला अभिषेक. नाना चाकावरची टोपी काढून, अर्धी वाटी हातात धरून पाणी नटांवर असं हळूहळू सोडत, जसं काही आतून पिंड निघणार आहे. वर हळद, वर कुंकू. ते पुसायचं नाही. पुसलं तर अपशकुन. पुढच्या दसऱ्यापर्यंत ते आपलं आपण झिजायचं, आणि खाली लोखंड काय करत होतं ते लोखंडालाच ठाऊक.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. आई गेल्यावर नानांचं गाडीवरचं प्रेम वाढलं आणि चालवणं बिघडलं. कॉलनीचं गेट त्यांनी एकदा सोबत नेलं. महाबळच्या चौकात डावीकडून येणारी रिक्षा त्यांना दिसलीच नाही, आणि रिक्षावाल्याने जे काही ऐकवलं ते त्यांना ऐकूही आलं नाही, म्हणून भांडण टळलं. रोज सकाळी ते गाडी काढून मेहरूणच्या तलावापर्यंत जात, काठावर उभी करत, आत बसून राहत आणि परत येत. एवढंच. पण ते परत येईपर्यंत माझं दुकानात लक्ष नसे. खोकल्याच्या औषधाऐवजी मी कोणाला काय देईन याचा नेम नव्हता. कोणी म्हणेल, मग किल्ली काढून घ्यायची. म्हणणाऱ्याने येऊन काढून घ्यावी. त्या किल्लीशिवाय नानांकडे दिवसभर करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि म्हणून मी गप्प होते.

भाऊ गप्प बसणाऱ्यातला नाही. दिवाळीत आला तेव्हा फराळाच्या ताटावरच त्याने विषय काढला. म्हणाला, नाना, नियम तुमचाच आहे. ज्याला चाक बदलता येत नाही त्याने गाडी चालवायची नाही. तुम्ही एकट्याने चाक बदलून दाखवा, आम्ही पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर किल्ली अक्काकडे. अक्का म्हणजे मी. नानांनी चकली मोडली आणि म्हणाले, चालेल. पंच कोण? तर तीही मीच. म्हणजे हरले तर किल्ली मला आणि निकालही मीच द्यायचा. असा पंच कुठल्या खेळात असतो?

परीक्षा काही होईना. थंडीत नानांचा गुडघा धरला. मग ऊन होतं. मग अमावस्या. मग जॅक सापडेना, जो गाडीच्या डिकीतच होता. पुण्याहून फोन आला की मी म्हणायचे, बघते रे. खरं सांगायचं तर मला ती परीक्षा नकोच होती. नाना पास झाले तर मला रोज धडकी, नापास झाले तर आयुष्यभर त्यांचं तोंड बघायचं मलाच. भावाला काय, तो व्हिडिओवर बघणार.

श्रावणातला रविवार होता. धुळ्याला काकांकडे, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाकडे, कानबाई ही आमची खानदेशातली देवी बसली होती आणि तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, घरातला थोरला हवाच, म्हणून नाना निघाले. मी सोबत. नवऱ्याला दुकानात बसवलं. नाना स्टेअरिंगवर, मी डाव्या सीटवर, हातात पुरणाचा डबा आणि ओठात रामरक्षा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून नाना बरोबर मधोमध चालवतात, कोणाचाच पक्ष घेत नाहीत. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून थकत होते. फागण्याच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. मी म्हटलं, नाना, चाक बसलं. ते म्हणाले, रस्ताच तसा आहे. मग चाकच बोलायला लागलं, थडथड थडथड, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

पुढचं डावं चाक. अभिषेकाचं.

खाली उतरून आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. दोघांच्याही मनात ती परीक्षाच आली असणार. दोन्हीकडे कपाशी होती, गुडघ्याएवढी, आणि वर ढग असून घामाच्या धारा लागतील असा उकाडा. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की फागण्यात पंक्चरवाला असेल, मी कोणाच्या गाडीवर जाऊन घेऊन येते. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा गाडीत ठेवला आणि कडेच्या दगडावर बसले. पंच बसला.

नानांना काम येत नाही असं मी मेले तरी म्हणणार नाही. गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या चाकाला दगड लावले, स्टेपनी काढून हवा दाबून पाहिली. जॅकला हात लावला नाही. आधी नट ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच, मग गाडी उचलायची. हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. चाकावरची टोपी काढली आणि आतलं दर्शन झालं. नट चार, पण लोखंडाचा रंग एकाचाही नाही. वर कुंकवाची खपली, तिच्याखाली हळद, तिच्याखाली गंज, आणि कुठे काय संपतं ते कळायला मार्ग नाही. नानांनी रुमालाने पुसलं. रुमाल लाल झाला आणि नट तसेच.

पहिला नट सुटायला बराच वेळ लागला. नानांनी पान्यावर टाच मारली, परत मारली, अंगातला सदरा काढून बनियनवर आले, परत मारली. नट करकरला. त्या करकरण्याने नानांच्या तोंडावर जे काही आलं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी दगडावर बसून पाहत होते, आणि मला कळलं की मी त्यांच्याच बाजूने आहे. काय कपाळ माझं. ज्या गाडीपायी झोप उडाली ती त्यांनी जिंकावी म्हणून मी मनातल्या मनात पान्यावर टाच मारत होते.

दुसरा सुटला. तिसऱ्याच्या वेळी मोबाइल वाजला. पुण्याहून. अक्का, पोहोचलात का? मी म्हटलं, चहाला थांबलोय. भाऊ म्हणाला, एवढा वेळ? मी म्हटलं, चहा चांगला आहे, आणि फोन ठेवला. नानांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिसऱ्या नटावर जरा जास्त जोर लावला आणि तो सुटला.

एव्हाना प्रेक्षक जमले होते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माणूस वाकलेला दिसला की त्याला सल्ला देणं हे कर्तव्य आहे. शेजारच्या कपाशीतून एक म्हातारे बाबा निंदणी सोडून बांधावर आले. केळीचा टेम्पो थांबला, त्याचा ड्रायव्हर दात कोरत उतरला. टेम्पोवाला म्हणाला डिझेल टाका. म्हातारे बाबा म्हणाले रॉकेल. टेम्पोवाला म्हणाला रॉकेल आता मिळतं कुठे. त्यावर त्या दोघांचीच जुंपली, आणि नाना मधे वाकलेले ते वाकलेलेच. मग बाबा जवळ येऊन चाकाकडे नीट बघून म्हणाले, "पूजा भलती जोरमा करेल शे. बठ्ठं गंजी गयं." म्हणजे, पूजेपायीच सगळं गंजून गेलं. मी दुसरीकडे तोंड करून हसले, कारण इतक्या वर्षांत हे नानांना तोंडावर सांगणारा हा पहिलाच माणूस.

चौथा नट हलेना. टाचेने हलेना, दोन्ही हातांनी हलेना, दगडाने ठोकून हलेना. टेम्पोवाल्याला राहवेना, तो सारखा म्हणे, आबा, सरका, मी बघतो. नाना म्हणत, हात लावायचा नाही. त्याला वाटलं म्हातारा गाडीला फार जपतो. मी त्याला बाजूला घेऊन सगळी अट सांगितली, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच कैकेयी. म्हणाला, ताई, अशी अट कोणी घालतं का बापाला? मी म्हटलं, अट मी घातली नाही. तो म्हणाला, मग मोडा की. त्याला काय सांगायचं? केळी पिकतील म्हणून तो शेवटी गेला, पण जाताना मान हलवत गेला.

नानांचा श्वास आता दुरून ऐकू येत होता. सकाळची बीपीची गोळी मीच त्यांना हातावर दिली होती. तिचा काय उपयोग आणि कितपत, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत. बनियन पाठीला चिकटलं होतं आणि त्यातून पाठीचा कणा दिसत होता. मी उठले आणि ओरडलेच. म्हटलं, बस झालं, काही परीक्षा नाही न् फिरीक्षा नाही, मी पंक्चरवाल्याला आणते, आणि पुण्याला मी काय सांगायचं ते सांगीन. नानांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, पंचाने बसून घ्यावं. मी संतापाने पुन्हा बसले. या माणसाशी कोणी वाद घालावा?

तेवढ्यात समोरून उलट्या बाजूने मालवाहू रिक्षा आली आणि थांबली. मागे लोखंडी पाइप, चौकटी, वेल्डिंगचं यंत्र. धुळ्याच्या देवपुरातला एक मिस्त्री होता, पारोळ्याला कोणाच्या वाड्याला फाटक बसवायला चालला होता. चाकाशी बसलेले नाना बघून तो उतरला, काय झालं ते विचारलं नाही, नटाकडे बघितलं आणि परत रिक्षाकडे जाऊन एक हातभराहून जास्तच लांब असा पाइप घेऊन आला. म्हणाला, "चाचा, ये लगाव. पान्याला घाला आणि दाबा. आत्ता सुटेल."

नानांनी पाइप हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. मला आधी वाटलं, चक्कर आली. मी धावले. ते पाइपाकडे बघत होते. मी विचारलं, काय झालं? त्यांनी पाइपावरून हात फिरवला. आणि मग एकदम मला दसऱ्याच्या पहाटेची ती खुडबुड आठवली.

"नाना," मी विचारलं, "तुम्ही हे नट आवळताना काय वापरता?"

ते हळू आवाजात म्हणाले, "पाइप."

"कुठे आहे?"

"घरी. संडासामागे."

घ्या! दर दसऱ्याला पान्यात पाइप घालून, त्यावर उभं राहून आवळलेले नट, आणि उघडायच्या परीक्षेला बसवायचं आम्हाला नुसत्या वीतभर पान्यावर. माझी सगळी वर्षं स्कूटीवर गेली, भावाच्या हाताला फोड आले, ते यापायी. आणि आज स्वतः धुळ्याला निघाले तर पाइप संडासामागे. आवळायचं सामान घरी आणि सोडवायचं गाडीत, हे पाटबंधारे खात्यातच शिकावं. मला इतका राग आला की काय बोलू न् काय नको. पण नाना त्या मिस्त्रीसमोर शाळेत पकडलेल्या पोरासारखे उभे होते.

मिस्त्रीला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, चाचा, लावू का मी? नाना म्हणाले नाही आणि माझ्याकडे बघितलं. पाइप चालेल का, असं विचारत होते. पंचाने निकाल दिला की पाइप हे सामान आहे, माणूस नाही, चालेल. पाना आडवा लावला, त्यात पाइप घातला, पाइपाचं टोक गाडीच्या तोंडापर्यंत आलं. नानांनी बोनेटचा आधार धरला आणि पाइपावर चढून उभे राहिले.

काही झालं नाही.

त्यांनी अंग सोडून दिलं, पूर्ण. दोन्ही पाय पाइपावर, गुडघे थोडे वाकवून झोका दिल्यासारखं केलं. काही नाही. पाइप वाकला नाही, पाना हलला नाही, नट तर ढिम्म. नाना तिथे उभे होते, एखाद्या फांदीवर बसलेल्या पाखरासारखे, आणि त्या फांदीला त्यांचं ओझं कळतच नव्हतं.

हा नट पहिल्यांदा आवळला तेव्हाचे नाना मला आठवतात. पोट सुटलेले, दंड भरलेले. आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाऊन सोफ्यावर बसले की सोफा कुरकुरायचा. तो माणूस पाइपावर उभा राहिला असेल तेव्हा नट चर्रकन फिरला असेल. आई गेल्यापासून नाना एक भाकरी खातात, तीही मी समोर बसले तर. सदरे ढगळ झाले तेव्हा मी म्हटलं होतं, धुवून सैल झालेत. रोज त्यांना बघणारी मी, औषधाच्या दुकानात वजनकाटा ठेवणारी मी, आणि हे मला त्या रस्त्यावर दिसलं. नाना स्वतःलाच हरत होते, आणि मधे किल्ली वगैरे काही उरलंच नव्हतं.

मिस्त्री पुढे सरकला होता, पण माझा चेहरा बघून थांबला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि उगीच त्यात बघायला लागला. भला माणूस. म्हातारे बाबाही बांधावर पाठ करून बसले आणि तंबाखू मळायला लागले.

नाना पाइपावरून उतरले नाहीत. बोनेटला धरून तसेच उभे राहिले, रस्त्याकडे बघत. एक ट्रॅव्हल्सची बस गेली, तिच्या वाऱ्याने त्यांचं बनियन फडफडलं. मी वाट बघत होते की आता ते परत झोका देतील, परत हरतील, आणि मला ते बघावं लागेल. ते मान न वळवता म्हणाले, "तू पण चढ."

मी म्हटलं, मग अट?

"चढ म्हणतो ना."

चप्पल काढून मी चढले. पाइपाचं बाहेरचं टोक माझ्याकडे. मी नानांच्या खांद्याला धरलं, त्यांनी माझं मनगट धरलं. मी काही हलकी नाही. दुकानात दिवसभर बसून आणि संध्याकाळी भरीत खाऊन मी आता बरोबर आईच्या मापाची झालेय, हे घरात सगळे मला ऐकवतात. त्या दिवशी त्याचा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग झाला. आम्ही दोघांनी मिळून अंग सोडलं आणि नट असा कडाडला की मला वाटलं नानांचं हाड मोडलं. पाइप खाली गेला, आम्ही दोघं एकमेकांना धरून मातीत उतरलो, मिस्त्रीने ओरडून शाबासकी दिली, आणि नानांनी पहिलं काय केलं तर नट मोडला की सुटला ते वाकून बघितलं. सुटला होता.

मग पुढचं भराभर झालं. जॅक लावला, गाडी उचलली, नाना चाक ओढायला लागले. या वेळी मी विचारलं नाही, खाली बसून दुसरी बाजू धरली, आणि त्यांनी मला हाकललं नाही. स्टेपनी बसवली. नट हाताने फिरवून लावले, जॅक उतरवला. चाक जमिनीला टेकलं. मी उठून हात झटकले आणि मनात जुळवायला लागले की पुण्याला काय सांगायचं. एक अख्खी गोष्ट माझी तयार झाली होती. नानांनी एकट्याने बदललं, मी दगडावर बसून पाहिलं, पंच म्हणून माझा निकाल असा असा. खोटं बोलायची मला काही हौस नाही, पण त्या दिवशी मी देवाची शपथसुद्धा घेतली असती.

मिस्त्री पाइप पुढे करून म्हणाला, चाचा, आता एकदा कसून घ्या, मग मी निघतो. नानांनी पाइप घेतला, क्षणभर तोलून पाहिला आणि त्याला परत दिला. म्हणाले, नको, पान्याने होईल. त्याचे आभार मानले, धुळ्यात काकांच्या घरी रोटाच्या दिवशी बाहेरच्याला प्रसाद देत नाहीत म्हणून माफी मागितली, आणि कधीही जळगावला आलास तर जेवायला ये असं सांगितलं. तो हसून गेला. बाबाही कपाशीत उतरले. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघंच राहिलो.

नानांनी पाना माझ्यासमोर धरला.

"तू आवळ."

मी म्हटलं, तुम्हीच आवळा ना, मला कुठे एवढं जमतं, रस्त्यात सुटलं तर काय घ्या.

"मी आवळले तर तुला उघडायचे नाहीत," नाना म्हणाले. "पुढच्या वेळी तू एकटी असशील."

मी पाना घेतला. मला त्यांचा राग येत होता. हे असं भर रस्त्यात, उकाड्यात, हात काळेकुट्ट झालेले असताना कोणी बोलतं का? मला जे हवं होतं तेच तर ते देत होते. त्यांनी आपणहून गाडी सोडावी, हेच मी दिवाळीपासून देवाकडे मागत होते, आणि आता ते हातात आल्यावर मला ते मुळीच घ्यायचं नव्हतं. मी खाली बसून एकेक नट आवळला, माझ्या जोराने, पाय न लावता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी दंडाने पुसत होते, त्याने गालभर ग्रीस लागलं. नाना माझ्या डोक्यावर उभे होते. अजून थोडं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

मी उठले तेव्हा ते सदरा घालून डाव्या बाजूने गाडीत बसले होते. पुरणाचा डबा मांडीवर घेतला होता. किल्ली गाडीलाच होती. मी उजव्या बाजूने जाऊन बसले तर पाय पेडलपर्यंत पोहोचेनात, नानांच्या लांब तंगड्यांसाठी सीट पार मागे ढकललेली. पुढे कशी ओढायची ते मला माहीत नव्हतं, त्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. मी इकडे तिकडे चाचपत राहिले. नाना डबा सांभाळत माझ्या बाजूला वाकले, माझ्या सीटखाली हात घालून दांडी वर ओढून धरली आणि म्हणाले, "हं, आता सरक पुढे."